लॉट पास झाला पाहिजे: नोकरी सांभाळून राष्ट्रीय सिम रेसिंगमध्ये उतरताना

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या क्वालिटी विभागात मी काम करते. दिवसभर हातात व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज. जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला भाग, मापात आहे की नाही ते बघायचं आणि रिपोर्टवर सही करायची. सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवर, स्टिअरिंग आणि पेडल जोडून केलेल्या शर्यती. त्यातलं मला जे काही उमगलं ते याच टेबलावर उमगलं. एक जॉब अगदी मापात आला म्हणून सगळा लॉट, म्हणजे जॉबची अख्खी खेप, पास होत नाही. तसाच एखादा लॅप (ट्रॅकची एक फेरी) झकास पडला म्हणून रेस होत नाही.

मी तीन वर्षं राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेत उतरले. पहिल्या वर्षी टाइम ट्रायलमध्येच, म्हणजे एकट्याने वेळ लावायच्या फेरीतच, बाहेर. दुसऱ्या वर्षी तीस गाड्यांच्या ग्रिडमध्ये अंतिम रेस, पण शेवटच्या लॅपला पेट्रोल संपलं आणि १९वी. तिसऱ्या वर्षी नववी. नववी म्हणजे काही फार मोठं नव्हे, पण पहिली शिफ्ट सात वाजता असणाऱ्या माणसाला तिथवर कसं जाता येतं, ते मी मनापासून सांगू शकते.

ज्यांना हे सगळं अजूनही पोरांचा गेम वाटतं, त्यांच्यासाठी एवढंच सांगते. २०१९ मध्ये रोमजवळच्या वालेलुंगा ट्रॅकवर एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचे पहिले मोटरस्पोर्ट गेम्स झाले, तेव्हा खऱ्या गाड्यांच्या शर्यतींसोबत सिमवरचा डिजिटल कपसुद्धा होता आणि देशांचे ड्रायव्हर आपापल्या झेंड्याखाली उतरले होते.

आधी नियमावली, मग स्टिअरिंग

बहुतेकजण आधी व्हील, म्हणजे स्टिअरिंग, विकत घेतात आणि मग स्पर्धा शोधतात. हे उलटं करा. स्पर्धेची नियमावली हातात आली की पेन घेऊन बसा. सिम, म्हणजे रेसिंगचं सॉफ्टवेअर, कोणतं आहे? असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, आयरेसिंग, ग्रान टुरिस्मो ७ आणि आरफॅक्टर २ ही चार वेगवेगळी दुनिया आहेत. एकातली ब्रेकिंगची सवय दुसऱ्यात तशीच चालत नाही. सेटअप, म्हणजे गाडीची जुळणी, फिक्स आहे की स्वतः करायचा? फिक्स असेल तर नोकरदार माणसाला तो मोठा आधार आहे, कारण स्प्रिंग आणि विंग चाळवण्यात जाणारे तास वाचतात. असिस्ट (चालवायला मदत करणाऱ्या सोयी) कोणते चालतात, रेस किती मिनिटांची, पिट स्टॉप सक्तीचा आहे का, तक्रार किती तासांत करायची, हे सगळं वेगवेगळ्या रंगाने अधोरेखित करा.

आपल्याकडे मोटरस्पोर्टची अधिकृत संघटना एफएमएससीआय. स्पर्धेला तिची मान्यता आहे असं लिहिलेलं असेल, तर ड्रायव्हरचा परवाना लागतो का, वयाची अट काय, अर्जासोबत कोणती कागदपत्रं, हे नोंदणीच्या पहिल्याच दिवशी बघून घ्या. शेवटच्या रात्री फोटो आणि आधार कार्ड शोधत बसायची पाळी येऊ देऊ नका.

रिग

जेवणाच्या टेबलाला व्हील आवळून मी आठ महिने काढले. टेबल हलतं, खुर्ची मागे सरकते, ब्रेक जोरात दाबला की पाय पुढे जाण्याऐवजी आपणच मागे जातो. ब्रेकचा पॉइंट रोज वेगळा पडत होता, आणि दोष मात्र मी स्वतःला देत होते. कंपनीत गेज हलत असेल तर आपण मापावर विश्वास ठेवतो का? इथेही तसंच आहे. आधी फिक्स्चर घट्ट करा.

माझी रिग, म्हणजे सीट, व्हील आणि पेडल बसवायचा सांगाडा, ४० बाय ४० मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपची आहे. कंपनीशेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांनी रविवारी वेल्डिंग करून दिली, पाइप, रंग आणि मजुरी धरून साडेसहा हजारांत. सीट बाबांच्या मारुती ८०० ची आहे. गाडी भंगारात द्यायची ठरली तेव्हा ड्रायव्हरची सीट मी रेल्ससकट काढून घेतली. डाव्या बाजूच्या कव्हरवर त्यांच्या पाकिटाची झीज अजून दिसते. व्हील सेकंडहँड, गिअरवालं, चौदा हजारांचं. पुढे वर्षभराने साडेपाच न्यूटन मीटरचं डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थेट मोटरवर बसलेलं व्हील, घेतलं. फरक पडला, पण ब्रेक पेडल बदलल्यावर पडला त्याच्या निम्मासुद्धा नाही.

म्हणून पैसे कमी असतील तर पहिले ब्रेकवर घाला. स्वस्त पेडल पाय किती खाली गेला ते मोजतं. लोड सेलवालं पेडल पायाने किती जोर लावला ते मोजतं. आपल्या पायाला अंतर नीट लक्षात राहत नाही, जोर राहतो. हे मला कुणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

रिग फ्लॅटमध्ये असेल तर खाली जाड रबर मॅट हवीच. मी पहाटे पाचला सराव करते. दुसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, "पहाटेपहाटे कांडप घालतेस काय गं?" लोड सेलवर पाय आपटला की स्लॅबमधून आवाज खाली जातो. टायरच्या दुकानातून जुन्या ट्यूबचे तुकडे आणले, दोन थर करून पायांखाली घातले. काकूंना घरी बोलावून एक लॅप मारून दाखवला. तेव्हापासून त्याच विचारतात, या महिन्यात रेस कधी आहे म्हणून.

स्क्रीनचं मापही टेपने घ्या. डोळ्यापासून मॉनिटरपर्यंतचं अंतर आणि मॉनिटरची उंची, यावरून किती अंशांचं दृश्य दिसायला हवं ते निघतं. २७ इंची मॉनिटर, डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन साधारण ३१ अंश येतो. सुरुवातीला डोळ्यांवर झापड लावल्यासारखं वाटतं, वेगही कमी वाटतो. आठवडाभर सोसा. वळण खरं जिथे आहे तिथे दिसायला लागतं. बाजूची गाडी दिसत नाही ही अडचण खरी आहे, त्यासाठी रडार (जवळच्या गाड्या दाखवणारं स्क्रीनवरचं छोटं चित्र) चालू ठेवा आणि तीनचार अंश वाढवून घ्या.

मोंझाचं पहिलं वळण, आणि माझ्या पायाची चूक

एक वळण मी जवळून दाखवते, कारण सगळं शिकणं त्यातच आहे.

मोंझा हा इटलीतला ५.७९३ किलोमीटरचा ट्रॅक. सरळ रस्ता संपतो तिथे रेटिफिलो हे वळण, आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे. जीटी३ गाडी (रेससाठी बनवलेली स्पोर्ट्स कार) ताशी २६०-२७० किलोमीटरच्या वेगाने येते आणि ८० च्या आसपास आणावी लागते, सहाव्या गिअरवरून दुसऱ्यावर. मी वळणाआधीच्या १५० मीटरच्या पाटीनंतर ब्रेक मारत होते आणि वेगवान मंडळीही जवळपास तिथेच मारत होती. तरी एवढ्या एका वळणात मी चार दशांश सेकंद हरत होते. कारण समजेना.

मग टेलिमेट्री, म्हणजे ब्रेक, वेग वगैरेंची नोंद, उघडली. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्री लॅप्स असा आकडा असतो, तो शून्यावरून वाढवला की मोटेकच्या फाइली साठत जातात. त्या फाइली बघायचं सॉफ्टवेअर, मोटेक आय२, मोफत मिळतं. माझी ब्रेकची रेषा आणि ओळखीच्या एका ड्रायव्हरची रेषा एकावर एक ठेवली. त्याची रेषा एकदम वर जाते, शिखर गाठते आणि मग उतारावरून पाणी उतरावं तशी हळूहळू खाली येते, थेट वळणाच्या आतल्या टोकापर्यंत. माझी रेषा हळूहळू वर चढत होती, बराच वेळ सपाट राहत होती आणि स्टिअरिंग वळवायच्या क्षणी कड्यावरून पडल्यासारखी शून्यावर.

म्हणजे सुरुवातीला मी भीत भीत दाबत होते, आणि नंतर एकदम सोडत होते. एकदम सोडल्यावर गाडीचं नाक वर येतं, पुढच्या टायरांवरचं वजन कमी होतं, नेमकी वळायच्या वेळी पकड जाते. गाडी वळत नाही म्हणून मी सेटअपला नावं ठेवत होते.

इलाज कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. पंधरा दिवस फक्त या एका वळणाचा सराव केला. वेळ बघायचीच नाही. पहिला झटका पूर्ण जोराचा, मग स्टिअरिंग जसजसं वळेल तसतसा पाय वर. मनात मी एक ते चार मोजत होते: एकला पूर्ण, चारला शून्य. रोज सरावानंतर तीन लॅपच्या रेषा बघायच्या. बाराव्या दिवशी उतार दिसायला लागला.

वही

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. पानाच्या वर तारीख, ट्रॅक, हवेचं आणि ट्रॅकचं तापमान, टायरचं प्रेशर. खाली वीस लॅपच्या वेळा, एकाखाली एक. चुकलेला लॅपही लिहायचा, खोडायचा नाही. शेवटी दोन आकडे: सर्वात चांगला लॅप, आणि सर्वात चांगल्या-वाईटातला फरक.

एका सोमवारी माझा चांगला लॅप १:४८.९ होता आणि फरक २.६ सेकंद. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी चांगला लॅप १:४९.४, म्हणजे अर्धा सेकंद हळू, पण फरक फक्त ०.७. कंपनीत असा डेटा आला असता तर शुक्रवारचा लॉट मी डोळे झाकून पास केला असता. त्या शनिवारच्या सराव रेसमध्ये मी बारावीवरून सहावी आले. पुढच्या सहाजणांनी चुका केल्या आणि मी केल्या नाहीत, एवढंच घडलं होतं.

फरक एक सेकंदाच्या आत आल्याशिवाय वेगाच्या मागे लागू नका. आला की मगच एकेका वळणावर वेग शोधा, आणि तोही एका दिवशी एकच वळण.

टाइम ट्रायलची फेरी मात्र याला अपवाद. बऱ्याच स्पर्धांत पहिली गाळणी तीच असते. ठरावीक दिवस सर्व्हर उघडा, ज्याची वेळ चांगली तो पुढे. तिथे एकच लॅप लागतो. पहिल्या वर्षी मी शेवटच्या रात्रीसाठी थांबले आणि कटऑफपेक्षा दोन दशांशांनी मागे राहिले. आता पहिल्या दोन दिवसांत सुरक्षित वेळ लावून ठेवते आणि मग रोज पहाटे फक्त अर्धा तास जाते. टायर गरम व्हायला दोन लॅप, नंतरचे तीन लॅप कामाचे, मग बंद. तासभर तेच तेच घासत बसलं की पाय जड होतो. टायरचं प्रेशर तेवढं बघा: असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये कोरड्या ट्रॅकवर गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआयमध्ये असावं. पहाटेच्या थंड सर्व्हरवर लावलेलं प्रेशर दुपारच्या तापमानाला वर जातं, हे विसरू नका.

वीज आणि नेट

बहुतेकांचे व्हील आणि पीसी यूपीएसवर असतात, राउटर मात्र भिंतीच्या सॉकेटवर. आमच्याकडे एका उपांत्य रेसमध्ये वीज गेली तेव्हा पीसी चालू, खोलीभर अंधार आणि स्क्रीनवर गाडी उभी, कारण नेट गेलं होतं. आता राउटर आणि फायबरचा छोटा डबा, दोन्हींना वेगळा छोटा यूपीएस आहे. वायफायवर रेस करू नका. पीसीपर्यंत लॅनची वायर ओढा, भिंतीला क्लिपा मारा, घरचे थोडे कुरकुरतील. सर्व्हर मुंबईत असेल तर कोल्हापुरातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) छान मिळतो. युरोपच्या सर्व्हरवर सराव करताना आपली गाडी इतरांना उड्या मारताना दिसू शकते, तिथे चाकाला चाक लावून लढू नका, एक गाडीचं अंतर जास्त ठेवा.

पेट्रोलचं गणित

हे मी सविस्तर लिहिते, कारण यात मी दहा महिन्यांची मेहनत घालवली.

अंतिम रेस ४५ मिनिटांची, मोंझा. ४५ मिनिटं म्हणजे २७०० सेकंद. माझा सरासरी लॅप १०९ सेकंद. २७०० भागिले १०९, उत्तर २४.८, म्हणजे २५ लॅप. एका लॅपला ३.२ लिटर. पंचवीस लॅपचे ८० लिटर, फॉर्मेशन लॅपचे (रेस सुटायच्या आधीच्या हळू फेरीचे) अडीच आणि वर दोन लिटर जास्तीचे. ८४.५ भरले. हिशेब मला चोख वाटला.

पण वेळेवर संपणारी रेस आपल्या घड्याळावर संपत नाही, पहिल्या नंबरच्या घड्याळावर संपते. तो सरासरी १०७.५ ने चालला होता. त्याचे २५ लॅप ४४ मिनिटं ४७ सेकंदांना झाले. घड्याळात अजून बारा सेकंद होते, त्यामुळे तो २६व्या लॅपला निघाला. मी ४५:२५ ला रेषा ओलांडली, पण त्याला झेंडा पडायचा होता, म्हणून मलाही २६वा लॅप. लेस्मोची दोन्ही वळणं काढली, पुढच्या अस्कारी वळणाकडे जाणाऱ्या उतारावर इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद. मी अकरावी होते. बाजूने एकेक गाडी जाताना बघत बसले.

तेव्हापासून भागाकार आपल्या लॅपने करायचा नाही. सर्वात वेगवान माणूस ज्या सरासरीने जाईल तिने करा, पूर्णांकापर्यंत वर न्या, आणि त्यावर एक लॅप जास्त भरा. तीन लिटरचं वजन दर लॅपला जे काही घेईल ते घेऊ दे.

गर्दी आणि तक्रार

एकट्याने लॅप मारणं आणि गर्दीत चालवणं या दोन वेगळ्या कला आहेत. स्पर्धेच्या आधी निदान तीस ऑनलाइन रेस पूर्ण करा. पूर्ण म्हणजे झेंड्यापर्यंत, सोडून निघून यायचं नाही. मोंझाच्या पहिल्या लॅपला रेटिफिलोत तीस गाड्या एका गाडीच्या रुंदीत शिरतात. मी नेहमीपेक्षा पंचवीस-तीस मीटर आधी ब्रेक मारते, हळूहळू वाढवत, कारण मागच्याला माझे ब्रेक लाइट दिसायला वेळ मिळायला हवा. तिथे दोन जागा गेल्या तरी पुढच्या दहा लॅपमध्ये परत मिळतात.

कुणी धडकलंच तर चॅटमध्ये एक अक्षर लिहू नका. माझी पहिली तक्रार दीड पानांची होती, रागात लिहिलेली, आणि फेटाळली गेली, कारण तिच्यात लॅप नंबरच नव्हता. स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंचसुद्धा आपल्यासारखेच रात्री जागून फुटेज बघणारे लोक असतात. लॅप, रेसमधली वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, वळणाचं नाव, आणि तीन ओळी: मी कुठे होते, तो कुठे होता, धडक कधी झाली. सोबत दोन कोनांतला व्हिडिओ, एक माझ्या कॉकपिटमधला आणि एक वरून. अभिप्राय द्यायचा नाही, माप द्यायचं.

दुसऱ्याच्या रिगवर

काही स्पर्धांची अंतिम फेरी एका सभागृहात होते, सगळ्यांना सारख्या रिग. तिथे घरची सवय दगा देते. म्हणून आधी महिनाभर, जमेल तिथे, दुसऱ्यांच्या रिगवर बसा. शहरातल्या सिम सेंटरवर तासाचे पैसे द्या, मित्राकडे जा. माझ्या खिशात एक कागद असतो: सीटपासून पेडलचं अंतर, व्हीलच्या मध्यापासून छातीचं अंतर, ब्रेकला लागणारा जोर, स्टिअरिंगचा एकूण कोन. रिगवर बसल्यावर पहिली पाच मिनिटं टेप काढून हेच लावायचं. आजूबाजूचे लॅप मारायला लागलेले असतात, लागू देत. पातळ तळव्याचे बूट स्वतःचे न्या. फोर्स फीडबॅक (व्हीलमधून हाताला येणारा जोर) जास्त वाटला तर आधी गेन, म्हणजे त्या जोराचा आकडा, कमी करा, कारण आकडा खूप वर असला की लहान धक्के आणि मोठे धक्के एकाच जोराचे येतात आणि टायर घसरायला लागल्याची खबर हाताला लागतच नाही.

कोल्हापुरात आपल्याला एक सोय आहे, मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टिंग ट्रॅक. इथल्या मातीतून देशाबाहेर जाऊन शर्यती केलेले ड्रायव्हर निघाले आहेत. महिन्यातून एका रविवारी मी जाते. कार्टमध्ये मागचं चाक सुटलं की ते आधी कमरेला कळतं, हाताला नंतर. सिममध्ये कंबर मुकी असते. म्हणून ती खबर मी डोळ्यांनी आणि हाताने कशी ओळखायची, हे कार्टवरून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी, अंग आठवत असताना, रिगवर बसून जुळवून बघते.

रेसच्या रात्री मी सहालाच जेवते, वरण-भात, जास्त नाही. विंडोजचे अपडेट दुपारीच करून मशीन एकदा रीस्टार्ट केलेलं असतं. व्हीलचे बोल्ट ॲलन कीने तपासते, पेडलचेही. पेट्रोलचा आकडा वहीतून स्क्रीनवर आणि स्क्रीनवरून वहीत, दोनदा ताडते. पाण्याची बाटली उजव्या हाताला. फोन आईकडे. सर्व्हर उघडायच्या आधी वीस मिनिटं रिकाम्या ट्रॅकवर हळू लॅप, टायरांसाठी नाही, श्वासासाठी. आणि रेस संपली, की सर्व्हरमधून बाहेर पडायच्या आधी रिप्ले सेव्ह करायचा, तारीख टाकून, मग हेडफोन काढायचे.